विश्लेषण : ‘सैराट’चा शेवट धक्क्यासाठी की आधीपासून ठरलेला?

नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला. ‘झिंगाट’ सुरू होताच चित्रपटगृहांत प्रेक्षक उठून नाचले आणि तेच प्रेक्षक शेवटी गप्प होऊन बाहेर पडले. मराठी चित्रपटांच्या कमाईचे तोवरचे विक्रम मोडले गेले, पण एक वाद मिटला नाही. हा शेवट चित्रपटाचा आहे की प्रेक्षकाला हादरवण्यासाठी वरून जोडलेला? (पुढे शेवट उघड केला आहे.)

शेवटी नेमके काय घडते?

आर्ची आणि परश्या हैदराबादमध्ये स्थिरावले आहेत. मूल झाले आहे, दुचाकी आली आहे, स्वतःच्या घराचा विचार सुरू आहे. आर्ची आईला फोन करते. मग एके दिवशी भाऊ प्रिन्स आणि नातलग माहेरच्या भेटी घेऊन दारात येतात. त्यांच्यासाठी चहा होतो. शेजारणीसोबत बाहेर गेलेले लेकरू परत येते तेव्हा आईवडील रक्ताच्या थारोळ्यात पडलेले असतात. खून पडद्यावर दिसत नाही. पार्श्वसंगीत नाही, रडण्याचा आवाजही नाही. दिसतात ती फक्त चिमुकल्या पावलांचे रक्ताळलेले ठसे.

आक्षेप कोणते?

पहिला आक्षेप असा, की अडीच तासांहून अधिक काळ प्रेमकथा दाखवून शेवटच्या काही मिनिटांत वेगळाच चित्रपट माथी मारला. दुसरा जास्त गंभीर आहे. जातीबाहेर प्रेम करणाऱ्याचा शेवट असाच होतो, हा संदेश तरुणांना घाबरवतो. लग्नाचा हट्ट धरणाऱ्या मुलीला घरचे हाच प्रसंग दाखवून ‘बघ, काय होतं ते’ असे सुनावू शकतात.

धक्का खरेच अचानक येतो?

दुसऱ्यांदा पाहिल्यावर तसे वाटत नाही. प्रिन्स भर वर्गात शिक्षकांच्या थोबाडीत मारतो आणि त्याचे काहीही बिघडत नाही, हे पूर्वार्धातच दिसते. परश्या आणि त्याच्या मित्रांवर बलात्काराची खोटी तक्रार लिहिली जाते, म्हणजे पोलीस ठाणेही आर्चीच्या वडिलांच्याच शब्दात आहे. परश्याच्या कुटुंबालाही या लग्नाची किंमत मोजावी लागते. धोका पहिल्यापासून समोरच असतो, गाण्यांच्या नादात आपले तिकडे लक्ष जात नाही.

एक उणीव मात्र मान्य करायला हवी. हैदराबादच्या भागात गाव बराच काळ पडद्याआड जाते. तिथे वाट पाहणारा राग कसा धुमसत राहिला, हे फारसे कळत नाही. म्हणून काहींना शेवट उपरा वाटतो. पण आर्चीलाही ते दिसत नाही. भाऊ आला म्हणजे माहेरचा राग निवळला, असे तिला वाटते आणि आपल्यालाही.

शेवट बदलला तर काय होते?

याचा पुरावा उपलब्ध आहे. २०१८ मध्ये आलेल्या ‘धडक’ या हिंदी आवृत्तीत नवरा आणि मूल मारले जातात, मुलगी जिवंत राहते. प्रसंग तिथेही भयंकर आहे, पण चित्रपट तिच्या दुःखावर येऊन थांबतो. ‘सैराट’मध्ये दुःख करायला त्या घरात मोठे कोणी उरत नाही. उरते ते न कळते पोर. ते कुठे जाणार, त्याला कोण वाढवणार, हा प्रश्न प्रेक्षकाकडे येतो. मंजुळे यांच्या ‘फँड्री’तही जब्याने भिरकावलेला दगड शेवटी थेट कॅमेऱ्याच्या दिशेने येतो. उत्तर देण्याची जबाबदारी पाहणाऱ्यावर टाकणे ही या दिग्दर्शकाची पद्धत दिसते.

मग भीतीच्या आक्षेपाचे काय?

भीती चित्रपटाने निर्माण केलेली नाही, ती गावागावांत आधीपासून आहे. २७ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘शक्ती वाहिनी’ प्रकरणात दोन सज्ञान व्यक्तींच्या लग्नात खाप किंवा जमावाने ढवळाढवळ करणे बेकायदा ठरवले. अशा जोडप्यांसाठी जिल्हा स्तरावर विशेष कक्ष असावेत, सुरक्षित निवाऱ्याची सोय व्हावी, असेही निर्देश दिले. जोडप्याला घरच्यांपासूनच संरक्षण लागते, हे देशाच्या सर्वोच्च न्यायालयालाही लिहावे लागले.

म्हणूनच हा शेवट योग्य ठरतो. मारेकरी परका गुंड नाही, साड्या आणि खाऊ घेऊन आलेला भाऊ आहे. तो प्रसंग दाखवून मुलीला गप्प करणाऱ्या घराने आधी ठरवावे, की त्या दृश्यात आपण दाराच्या कोणत्या बाजूला उभे आहोत.