करसल्लागाराची पारख

शेतीच्या उत्पन्नावर केंद्र सरकारचा आयकर नाही, हे प्रत्येक शेतकरी जाणतो. परंतु जमीन विकली म्हणजे प्रश्न निराळा होतो व करसल्लागाराचे दार गाठावे लागते. उगवण पाहिल्यावाचून बियाणे न पेरणारे आमचे कृषकबंधू सल्लागार मात्र ऐकीव कीर्तीवर निवडतात, हे इष्ट नव्हे.

पहिली कसोटी प्रश्नांची. जाणता सल्लागार आधी सातबारा पाहील व नगरपालिकेच्या हद्दीपासून जमीन किती दूर आहे, हे विचारील. कागलसारख्या दहा हजार ते एक लाख वस्तीच्या नगरापासून २ किलोमीटर, तर कोल्हापूरसारख्या एक ते दहा लाख वस्तीच्या शहरापासून ६ किलोमीटर, तेही सरळ रेषेत, अशी मर्यादा आहे. तिच्याबाहेरील शेतजमिनीच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर बसत नाही. हे न विचारताच जो कराचा आकडा सांगतो, त्यास नमस्कार करून उठावे.

दुसरी कसोटी फीची. मिळणाऱ्या परताव्यात टक्केवारी ठरवून काम घेणे सनदी लेखापालास त्याच्या व्यवसायनियमांनी मना आहे. तेव्हा अशी मागणी करणाऱ्याची सनद अवश्य तपासावी. विवरणपत्र वाचून घ्यावे व त्याची प्रत आणि पोच जपावी. कारण त्यातील असत्याचा जाब खातेदारासच द्यावा लागतो.

कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेल्या शाहू महाराजांनी १९१८ साली कुलकर्णी वतने रद्द करून पगारी तलाठी नेमले. वंशपरंपरेच्या लेखणीतून सुटलेल्या शेतकऱ्याने आता न पारखलेल्या लेखणीच्या स्वाधीन होऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.