वज्र, आवळा आणि दिवा

सुट्टीत कोलकात्यास जाणारी मराठी कुटुंबे दक्षिणेश्वर, बेलूर मठ पाहतात, व्हिक्टोरिया स्मारकापुढे छायाचित्रे काढतात आणि परततात. आचार्य प्रफुल्लचंद्र मार्गावरील बसू विज्ञान मंदिराकडे क्वचितच कुणाची पावले वळतात. आचार्य जगदीशचंद्र बसू यांनी 30 नोव्हेंबर 1917 रोजी, आपल्या वाढदिवशी, ही संस्था राष्ट्रास अर्पण केली. ही केवळ प्रयोगशाळा नव्हे, मंदिर आहे, असे त्यांनी त्या दिवशी सांगितले होते.

पाचसहा वर्षांच्या मुलास विद्युत्-चुंबकीय लहरी कशा समजावणार, अशी पालकांची अडचण असते. परंतु यंत्रांच्या काचपेट्यांपासून सुरुवात करावयाचीच कशाला? व्याख्यानगृहातील नंदलाल बसूंच्या भित्तिचित्रापासून करावी. पवित्र नदीवर एक वीर तलवारीच्या धारेने वाट चाचपत निघाला आहे, ती बुद्धी. शेजारी बासरी वाजविणारी त्याची वधू, म्हणजे कल्पनाशक्ती. ‘हा कुणाला मारायला निघाला?’ असे मूल विचारेलच. मारायला नव्हे, वाट शोधायला, एवढे उत्तर त्या वयास पुरे.

मग वर पाहावे. शिखरावर वज्र आहे. दधीचीची गोष्ट आजीने सांगितली असेल तर उत्तमच. कंगोऱ्यांवर आवळा कोरला आहे. सर्वस्व दान केलेल्या सम्राट अशोकाजवळ अखेरीस अर्धा आवळा उरला, तोही त्याने देऊन टाकला, ही ती कथा. आपल्या संशोधनावर संस्थेने कधीही पेटंट घ्यावयाचे नाही, असे आचार्यांनी उद्घाटनाच्या भाषणातच जाहीर केले, त्याचा अर्थ या आवळ्यापाशी उलगडतो. प्रवेशापाशी दिवा घेऊन मंदिराकडे निघालेल्या स्त्रीचे शिल्प आहे. ती भगिनी निवेदितांची स्मृती. बसूंच्या ग्रंथलेखनास त्यांनी साह्य केले. संस्था उभी राहिलेली पाहण्यापूर्वीच, 1911 मध्ये त्या निवर्तल्या.

आपल्याकडे ‘हे सारे आमच्या पूर्वजांना ठाऊक होते’ एवढे म्हणून विषय संपविण्याची खोड आहे. बसूंना पूर्वजांचा अभिमान कमी नव्हता. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. प्रेसिडेन्सी महाविद्यालयात इंग्रज प्राध्यापकांहून कमी वेतन देऊ केले, तेव्हा त्यांनी तीन वर्षे वेतनास हात लावला नाही; अध्यापन मात्र सोडले नाही. साध्या पत्रेकाराकडून उपकरणे घडवून घेतली, आणि 1895 मध्ये कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये भिंतीपलीकडे अदृश्य लहरी पाठवून घंटा वाजविली, बंदुकीची दारू पेटविली. ही घंटा मुलांना फार आवडते.

यानंतर काचपेट्यांकडे जावे. प्रवेशाची चौकशी आधी करावी, कारण तेथे आजही संशोधन चालते. तासाभरात मूल कंटाळले, तर खुशाल बाहेर पडावे. पाट्या पूर्ण वाचून घेण्याचा आग्रह धरू नये. परतीच्या गाडीत त्याने वहीत वज्र काढावयास घेतले, तर ते वेडेवाकडे आले म्हणून दुरुस्त करण्यासाठी पेन्सिल हातातून घेऊ नये.