निविदा निघण्याआधीची खबर

१५ जानेवारी २०२५ रोजी मुंबईच्या नेव्हल डॉकयार्डमध्ये ‘सूरत’ आणि ‘निलगिरी’ या युद्धनौका आणि ‘वाघशीर’ ही पाणबुडी एकाच दिवशी नौदलात दाखल झाल्या. तिन्ही माझगाव डॉकने बांधलेल्या. मुंबईतल्याच करी रोडपासून माझगाव डॉक काही किलोमीटरवर आहे. करी रोड, डिलाईल रोड, लालबाग या पट्ट्यात गिरण्यांच्या वर्कशॉपांमध्ये टर्नर, फिटर, मोल्डर घडले आणि त्यांच्या हाताखाली पुढची पिढी तयार झाली. गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहिले, गाळे कमी झाले. तरी फ्लँज, बुश, व्हॉल्व्हचे भाग चोख बनवून देणारे हात इथे अजून आहेत. जहाजाला नेमके हेच हजारो बारीकसारीक भाग लागतात. तरीही संरक्षण खात्याच्या कामाचा विषय काढला की गाळ्या-गाळ्यांत एकच उत्तर मिळते: टेंडर कधी निघाले ते कळलेच नाही.

ही तक्रार खरी आहे. निविदा गुप्त नसतात, पण त्या विखुरलेल्या असतात. सैन्यदलांच्या निविदा संरक्षण मंत्रालयाच्या ई-प्रोक्युरमेंट संकेतस्थळावर, माझगाव डॉकच्या त्यांच्या स्वतःच्या ई-निविदा संकेतस्थळावर, आणि रोजच्या खरेदीचा मोठा भाग २०१६ साली सुरू झालेल्या जेम (गव्हर्नमेंट ई-मार्केटप्लेस) या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर. जेमवर आपण ज्या वर्गात माल नोंदवला असेल, त्याच वर्गाच्या बिडची सूचना येते. खरेदीदाराने अनेक वस्तूंची एकत्र यादी करून बिड काढले, तर ते त्या वर्गवारीत बसत नाही आणि सूचनाही येत नाही. अशी बिडे रोज शोधावी लागतात. स्वतःच लेथवर उभ्या राहणाऱ्या मालकाला ते जमत नाही, म्हणून तो पैसे भरून निविदा कळवणारी खाजगी सेवा घेतो, किंवा ‘आतली खबर’ आणणाऱ्या दलालाच्या नादी लागतो. फुकट आणि उघड असलेल्या माहितीसाठी छोट्या माणसाचा खिसा रिकामा व्हावा, हे सर्वथा गैर आहे.

सरकारी खात्यांसाठीच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांनुसार जाहीर निविदेला साधारणपणे किमान तीन आठवडे द्यावे लागतात. जेमवर अनेकदा दहाच दिवस मिळतात. समजा, तीन आठवड्यांची मुदत असलेली गनमेटलच्या एखाद्या भागाची निविदा बाराव्या दिवशी नजरेला पडली. ड्रॉइंग उतरवून घ्यायचे, फाउंड्रीकडून कास्टिंगचा दर मागवायचा, चाचणीचा खर्च धरायचा, आणि डिजिटल सहीची मुदत संपलेली असली तर तीही नव्याने घ्यायची. मध्येच एखादे शुद्धिपत्रक निघून माप बदललेले असते. एवढे सगळे उरलेल्या नऊ दिवसांत बसत नाही, आणि घाईत भरलेला दर एक तर काम घालवतो, नाहीतर पैसे बुडवतो.

म्हणून निविदेच्या आधीची माहिती हाती असणे महत्त्वाचे. ठरावीक रकमेच्या आतली खरेदी मर्यादित निविदेने होते. तिची चौकशी नोंदणीकृत पुरवठादारांकडेच जाते. ज्याची नोंदणी नाही, त्याच्याकडे ती चौकशी येतच नाही. तेव्हा पहिले काम लघुउद्योगांसाठीची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी आणि खरेदीदाराकडची पुरवठादार नोंदणी. दुसरे, सरकारी ई-निविदा संकेतस्थळांवरचे जुन्या निविदांचे दप्तर आणि निकाल वाचणे. सुटे भाग पुन्हा पुन्हा लागतात. मागे काय मागवले आणि काम कोणत्या दराने गेले, हे पाहिले की पुढचा अंदाज बांधता येतो. तिसरे, संरक्षण उत्पादन विभागाचे ‘सृजन’ पोर्टल. आजवर आयात केलेल्या आणि आता देशात बनवून हव्या असलेल्या वस्तू २०२० पासून तिथे मांडलेल्या आहेत. निविदेच्या कितीतरी आधी आपली तयारी कळवण्याची ती जागा आहे.

यात सरकारचीही ठोस जबाबदारी आहे. सूक्ष्म व लघुउद्योगांसाठीच्या २०१२ च्या खरेदी धोरणाने केंद्रीय खाती आणि सार्वजनिक उपक्रमांना वार्षिक खरेदीचा किमान हिस्सा या उद्योगांकडून घ्यायला सांगितले. २०१८ मध्ये तो २० वरून २५ टक्के झाला. निविदेचे कागद मोफत, अनामत रक्कम माफ. लघुउद्योगाचा दर सर्वांत कमी दराच्या १५ टक्क्यांच्या आत असेल, तर त्या दराला उतरून कामाचा वाटा घेण्याची संधीही आहे. याच धोरणात आणखी एक कलम आहे, ज्याची चर्चा फारशी होत नाही: प्रत्येक खात्याने आणि उपक्रमाने वार्षिक खरेदी आराखडा आपल्या संकेतस्थळावर टाकायचा, जेणेकरून छोट्या उद्योजकाला आगाऊ कल्पना यावी. इंग्रजी पीडीएफ कुठल्यातरी कोपऱ्यात चढवून हे कलम पाळले असे मानू नये. वस्तूचे नाव, अंदाजे संख्या, कोणत्या तिमाहीत लागेल आणि नोंदणीसाठी कोणाला भेटायचे, एवढे मराठीत छापून परळ-लालबागमधल्या एखाद्या सभागृहात दर तीन महिन्यांनी समोरासमोर सांगावे. त्याला फार खर्च येत नाही.

या भागातल्या लघुउद्योजकांनी एकत्र येऊन माझगाव डॉक आणि नेव्हल डॉकयार्डकडे ही मागणी लेखी करावी, आणि अर्जात २०१२ च्या धोरणातल्या वार्षिक आराखड्याच्या तरतुदीचा स्पष्ट उल्लेख करावा.