यंत्रांशी गप्पा : रात्री नांगर खाली कोण ठेवतं?

दोस्तांनो, सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावाहून आठवीतल्या एका मित्राचं पत्र आलंय. तो लिहितो : "बाबा संध्याकाळी नांगर वर उचलून ट्रॅक्टर अंगणात लावतात आणि इंजिन बंद करतात. सकाळी बघावं तर फाळ जमिनीला टेकलेले! आजी म्हणते, नांगर दमतो आणि बसतो. खरं काय? आणि सीटशेजारी लिफ्टचे दोन दांडे कशाला?"

आजीचं उत्तर मला तर फारच आवडलं. आणि गंमत म्हणजे ते अगदीच चूक नाही. काहीतरी दमतंय खरं, पण ते नांगर नव्हे.

आधी नांगर वर कसा जातो ते बघू. जोर इंजिनाचाच, पण तो नांगरापर्यंत नेतं तेल. इंजिन एक लहानसा पंप फिरवतं, पंप तेल एका जाड नळकांड्यात, म्हणजे सिलिंडरमध्ये ढकलतो, तिथला दट्ट्या सरकतो आणि मागचे दोन हात वर उचलले जातात.

हे घरी करून बघता येईल. औषधाच्या दुकानातून दोन सिरिंज आणा, एक ५ मिलिलिटरची आणि एक २० मिलिलिटरची. सुया अजिबात नकोत! सलाईनच्या नळीचा नवा तुकडा दोघींच्या मध्ये जोडा आणि हवेचा बुडबुडा राहणार नाही असं पाणी भरा. आता लहान सिरिंजचा दट्ट्या तुम्ही दाबा आणि मोठीचा दट्ट्या वर्गातल्या सगळ्यात दांडग्या मित्राला दाबून धरायला सांगा. तो हरेल! कारण दाब दोन्हीकडे सारखाच असतो, पण मोठ्या दट्ट्याचा पृष्ठभाग जास्त, म्हणून त्याच्यावरचा एकूण जोर जास्त. हा पास्कलचा नियम तुमच्या पुस्तकातही भेटेल. ट्रॅक्टरचा हिशोब करू. समजा, तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला १४० किलो आहे आणि दट्ट्याचा व्यास ८ सेंटिमीटर. क्षेत्रफळ झालं साधारण ५० चौरस सेंटिमीटर. म्हणजे दट्ट्यावर ७००० किलोंचा जोर! मधल्या लांब हातांमुळे टोकाशी तो बराच कमी होतो, तरी नांगर सहज उचलला जातो.

आता खरी गंमत. मोठी सिरिंज उभी धरा, दट्ट्या वर आला की मधली नळी चिमटीत घट्ट दाबा आणि लहान सिरिंज सोडून द्या. मोठ्या दट्ट्यावर एखादं पुस्तक ठेवा. तो खाली येतो का? नाही. पाणी कोंडलं गेलंय. तुमची चिमूट झाली झडप, म्हणजे आपला व्हॉल्व्ह. सीटशेजारचा दांडा हलवला की आतली बोटाएवढी झडप सरकते आणि तिला तीनच गोष्टी ठाऊक : तेल आत जाऊ दे, तेल कोंडून ठेव, तेल बाहेर सोड. बस्स.

आता पत्रातलं कोडं सुटलं ना? इंजिन बंद झालं की नांगराला कुणीच धरलेलं नसतं, धरलेलं असतं फक्त कोंडलेल्या तेलाने. झडप आणि तिचं घर यांच्यातली फट केसापेक्षाही बारीक असते. पण वर्षानुवर्षं वापरून ती झिजते, दट्ट्याचं सीलही झिजतं आणि रात्रभर तेल थेंबाथेंबाने परत टाकीत जातं. नांगर इंचाइंचाने बसतो. दमते ती झडप!

इथे एक गोष्ट नीट ऐका. नांगर वर न्यायला पंप लागतो, म्हणजे इंजिन चालू लागतं. खाली यायला काहीच लागत नाही. झडपेने वाट मोकळी केली की नांगर आपल्याच वजनाने उतरतो, इंजिन बंद असलं तरी.

मी तुमच्याएवढा असताना मामाकडे गेलो होतो. मामा उचललेल्या नांगराखाली वाकून फाळात अडकलेलं गवत काढत होता. इंजिन बंद, किल्ली खिशात, त्यामुळे तो निर्धास्त. माझा मामेभाऊ सीटवर चढून बसला, तोंडाने "डुर्रर्र" करत ड्रायव्हर झाला आणि त्याने दांडा खाली लोटला. धप्प! मामाने पाय कसा मागे घेतला देव जाणे. त्याची चप्पल मात्र फाळाखाली मातीत रुतली होती. मामा ओरडला नाही. बराच वेळ त्या चपलेकडे बघत नुसता उभा राहिला. नंतर त्याने आम्हा दोघांना बोलावलं, नांगर वर घेतला, इंजिन बंद केलं, आम्हाला लांब उभं केलं आणि दांडा खाली करून दाखवला. पुन्हा धप्प! त्या दिवसापासून मामाचा ट्रॅक्टर कधीच नांगर वर ठेवून उभा राहिला नाही.

या झडपेचा इतिहासही जिवाशीच जोडलेला आहे. आजच्या उत्तर आयर्लंडमध्ये १८८४ साली एका शेतकऱ्याच्या घरी हॅरी फर्ग्युसन जन्मला. त्याला शेतीचा कंटाळा, यंत्रांचं वेड! भावाच्या गॅरेजात काम करता करता त्याने स्वतः विमान बांधलं आणि ३१ डिसेंबर १९०९ला उडवलंसुद्धा. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, सरकारने त्याला ट्रॅक्टरची नांगरणी सुधारायच्या कामाला लावलं. तिथे त्याने पाहिलं की लोक ट्रॅक्टरला बैलांसारखंच वापरताहेत : पुढे ट्रॅक्टर आणि मागे ओढायचा नांगर.

पण बैल आणि इंजिन यांत एक मोठा फरक आहे. फाळ दगडात अडकला की बैल थांबतो. इंजिन थांबत नाही. चाक जाग्यावर अडलं आणि इंजिन जोर लावतच राहिलं, तर चाकाऐवजी ट्रॅक्टरच चाकाभोवती फिरतो! पुढची चाकं हवेत, ट्रॅक्टर मागे उलटा आणि चालवणारा त्याच्याखाली. त्या काळचा फोर्डसन ट्रॅक्टर यासाठी बदनामच होता. कितीतरी माणसं अशी गेली.

फर्ग्युसनने नांगर तीन दांड्यांनी ट्रॅक्टरला जोडला : खाली दोन, वर एक. वरच्याला आपल्याकडेही टॉप लिंकच म्हणतात. नांगरताना खालचे दोन ओढतात, पण वरचा दांडा ट्रॅक्टरला पुढे रेटतो. त्यामुळे ट्रॅक्टरचं तोंड उचललं जायच्या ऐवजी खाली दाबलं जातं. एवढ्यावर तो थांबला असता तरी पुष्कळ होतं. पण त्याने टॉप लिंकच्या मागे एक दणकट स्प्रिंग बसवली आणि स्प्रिंगचं दुसरं टोक जोडलं त्या बोटाएवढ्या झडपेला!

आता बघा काय होतं ते. माती कठीण लागली, नांगराला ओढ जास्त बसली, की टॉप लिंक स्प्रिंगला दाबते. झडप थोडीशी सरकते, तेल सिलिंडरमध्ये जातं, नांगर जरासा उचलला जातो. ओढ कमी होते आणि गुदमरणारं इंजिन मोकळा श्वास घेतं. मऊ माती आली की स्प्रिंग परत फुलते, झडप तेल सोडते, नांगर पुन्हा खोल जातो. फाळ दगडावर आदळलाच, तर स्प्रिंग इतकी दाबली जाते की झडप पलीकडे जाऊन तेल सोडूनच देते. मग चाकांवरचा नांगराचा भार जातो आणि ती नुसती जागच्या जागी फिरतात. ट्रॅक्टर उलटत नाही.

तुमच्या आजोबांना विचारा, बैलांचा नांगर धरताना रुमण्यावर हात कशाला असतो. माती काय म्हणते ते हाताला कळतं आणि हात नांगर दाबतो किंवा सैल सोडतो. फर्ग्युसनने रुमण्यावरचा हात झडपेला दिला, असं मी म्हणेन.

असे ट्रॅक्टर १९३६ पासून विकले जाऊ लागले. १९३८ साली फर्ग्युसनने अमेरिकेत हेन्री फोर्डना प्रात्यक्षिक दाखवलं आणि दोघांनी नुसत्या हस्तांदोलनावर करार केला. कागद नाही की सही नाही! पुढे फोर्ड यांच्या नातवाने तो मोडला आणि फर्ग्युसन कोर्टात गेला. १९५२ साली तडजोड झाली. फोर्ड कंपनीला ९२ लाख ५० हजार डॉलर मोजावे लागले आणि पंपात बसणारी ही झडप बदलायचंही कबूल करावं लागलं. एव्हरेस्टवीर एडमंड हिलरी ४ जानेवारी १९५८ला दक्षिण ध्रुवावर पोचले, ते फर्ग्युसनच्याच ट्रॅक्टरांवरून. तिथे नांगरायचं काही नव्हतं, ही गोष्ट वेगळी! आपल्या रस्त्यांवर दिसणाऱ्या मॅसी फर्ग्युसनमधला फर्ग्युसन तो हाच.

राहिले दोन दांडे. एक सांगतो, "अवजार अमुक उंचीवर ठेव." रोटाव्हेटरला तो बरा. दुसरा सांगतो, "ओढ अमुक एवढी ठेव, उंची तुझी तू बघ." ही फर्ग्युसनची युक्ती. पुष्कळ जण दुसऱ्या दांड्याला हातच लावत नाहीत आणि मग कठीण रानात इंजिन धापा टाकतं म्हणून कुरकुरतात. नव्या मोठ्या ट्रॅक्टरांत स्प्रिंगऐवजी सेन्सर असतो आणि झडप विजेने हलते. काम तेच.

तर सोलापूरच्या दोस्ता, तुला एक काम. बाबांना सांगून एकच रात्र नांगर वर ठेवायचा. बाबांनी इंजिन बंद करून दांड्याजवळ थांबायचं. तू बाजूला उभा राहून फाळाच्या रेषेत भिंतीवर खडूने खूण कर. नांगराखाली जायचं नाही. दर तासाला बाबांना बरोबर घेऊन पुन्हा खूण कर आणि किती सेंटिमीटर उतरला ते लिहून पाठव. तासाला एखादा सेंटिमीटर असेल तर चालायचं. पण जेवून येईपर्यंतच खाली बसला, तर मिस्त्रीला बोलवायची वेळ झाली. आणि आजीला माझा नमस्कार.