लष्करी ट्रकचे ऑईल : अंदाज नको, माप हवे

आपल्या समाजातील हजारो कुटुंबांची चूल गॅरेज, भंगार, स्पेअर पार्ट आणि जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीवर पेटते. कुर्ल्याचा भंगार बाजार असो, भिवंडी असो की मालेगाव-धुळ्याकडचा आग्रा रोड असो, आपल्या मिस्त्रींच्या हाताला मान आहे. हा मान टिकवायचा असेल तर काही सवयी सोडाव्या लागतील. त्यांपैकीच एक सवय आज आम्ही मांडत आहोत. दिसायला ती क्षुल्लक आहे, परंतु नुकसान मोठे करते.

लष्करातून निकालात निघालेल्या ट्रकांचा धंदा आपल्याकडे जुना आहे. १९४५ साली महायुद्ध संपल्यावर मागे राहिलेल्या फोर्ड, शेव्हरोलेट, डॉज गाड्या 'डिस्पोजल'मध्ये विकल्या गेल्या. पुढे शक्तिमान ट्रक आला. जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्याने १९५० च्या दशकाच्या अखेरीस जबलपूरला तो तयार होऊ लागला. १९६९ साली तेथे स्वतंत्र वाहन कारखाना उभा राहिला आणि १९९० च्या दशकापर्यंत हा ट्रक बनत होता. लिलावातून सुटलेल्या अशा गाड्या दगडखाणीत, लाकडाच्या वाहतुकीत, पाण्याच्या टँकरवर राबल्या. आज ज्या उरल्या आहेत, त्यांतील काही हौशी संग्राहकांकडे जातात.

अडचण अशी की लष्करात गाडीसोबत नोंदवही आणि पुस्तक असते, बाजारात मात्र नुसती गाडी येते. वीस हातांतून फिरताना इंजिनाचे चेंबर एका गाडीचे, डिपस्टिक दुसऱ्या गाडीची आणि तिची नळी तिसऱ्याच गाडीची होऊन बसते. आपला मिस्त्री मात्र डिपस्टिक काढतो, वरच्या खुणेपर्यंत ऑईल ओततो आणि गाडी सोडून देतो. ज्या पट्टीवर त्याने भरवसा ठेवला, ती त्या इंजिनाची आहे की नाही हे तो पाहतच नाही.

आमच्या माहितीतील एका खाणमालकाच्या ट्रकचे इंजिन नव्याने बांधले होते. दोन महिन्यांत निळा धूर सुरू झाला, ब्रीदरमधून ऑईल उडू लागले, मागचे सील दोनदा बदलले तरी गळती थांबेना. शेवटी एका वयस्कर उस्तादांनी सारे ऑईल काढून मापात ओतले, तेव्हा ते ठरलेल्या मापापेक्षा चार लिटर जास्त निघाले. पट्टी दुसऱ्या इंजिनाची, सुमारे पावणेतीन सेंटिमीटर आखूड होती. पट्टी आखूड असेल तर तिची खूण वर राहते आणि ऑईल जास्त भरले जाते. लांब असेल तर उलटे, ऑईल कमी पडते आणि पट्टी मात्र पूर्ण दाखवते. चेंबर ६० सें.मी. लांब व २५ सें.मी. रुंद धरले तर एका सेंटिमीटरचा फरक म्हणजे दीड लिटर. आता सांगा, हा फरक किरकोळ म्हणायचा का?

कमी ऑईलने बेअरिंग जळते, हे आपले शागीर्दही जाणतात. जास्त ऑईलचे दुष्परिणाम मात्र अनेकांना ठाऊक नसतात. क्रँक ऑईलवर आपटतो, त्याचा फेस होतो, पंप ऑईलबरोबर हवाही ओढतो आणि बेअरिंगला मिळणारा दाब तुटतो. डिझेल इंजिनात त्याहून मोठा धोका आहे. हवेच्या वाटेने ऑईल आत खेचले गेले तर इंजिन त्याच ऑईलवर सुसाट पळते आणि डिझेल बंद केले तरी थांबत नाही. मग हवेची वाट बंद करणे हाच उपाय उरतो, आणि तिथे हात लावणे जोखमीचे. म्हणून जुन्या ट्रकच्या ऑईल-बाथ एअर क्लीनरमध्येही खुणेपेक्षा थेंबभर जास्त ऑईल नको.

योग्य रीत अवघड नाही. गाडी सपाट जागेवर उभी करावी, एका बाजूचा टायर बसला असेल तर आधी हवा भरावी. इंजिन बंद करून दहा-पंधरा मिनिटे थांबावे, म्हणजे वरचे ऑईल खाली उतरते. पट्टी पुसून पूर्ण आत घालावी आणि मगच वाचावी. गाडी आपल्या हातात पहिल्यांदाच आली असेल तर सारे ऑईल काढावे, नवा फिल्टर लावावा आणि त्या इंजिनाच्या पुस्तकातील माप लिटरच्या भांड्याने मोजून ओतावे. इंजिन थोडा वेळ चालवून बंद करावे, म्हणजे फिल्टर व कूलर भरून घेतील. पुन्हा थांबून पट्टी बघावी. ऑईल जिथे लागेल तीच त्या गाडीची खरी वरची खूण, तिथे कानशीने नवी खूण करावी आणि जुनी घासून टाकावी. जास्त झालेले ऑईल ड्रेन बोल्ट सैल करून हळूहळू काढावे.

न भरता ऑईल वाढत असेल तर आनंद मानू नये. त्यात डिझेल किंवा पाणी उतरत आहे, हा त्याचा अर्थ. डिझेलचा वास येतो आणि ऑईल पातळ होते. पाण्याने ते दुधाळ होते. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी बोल्ट किंचित सैल केला तर पाणी आधी बाहेर येते. हे दिसल्यावर नुसते ऑईल बदलून गाडी देणे म्हणजे दोष झाकणे होय.

या सर्व कामाला दोन-तीन तास लागतात आणि मजुरीवरून गिऱ्हाईक कुरकुरते, ही आपल्या बंधूंची तक्रार आम्हाला मान्य आहे. पण त्याचे उत्तर काम टाळणे हे नव्हे. मजुरी आधी सांगावी आणि बिलावर लिहावे : ऑईल इतके लिटर मोजून भरले, पट्टीची खूण तपासली. वर सांगितलेल्या ट्रकचे बेअरिंग बदलावे लागले तेव्हा मालक गॅरेजकडे बोट दाखवत होता, गॅरेजवाला विकणाऱ्याकडे. कोणाकडेही लिहिलेला कागद नव्हता. खर्च मालकाने सोसला आणि गॅरेजचे एक कायमचे गिऱ्हाईक गेले.

गाडी विकणाऱ्या व्यापाऱ्यांनाही आमचे सांगणे आहे की डिपस्टिक मूळची नाही हे माहीत असेल तर सौद्यापूर्वीच सांगा. किमतीत थोडे कमी मिळेल, पण दुसऱ्या सौद्याला तोच माणूस तुमच्याच दारी येईल.

गिऱ्हाइकाची गाडी आपल्या हाती अमानत असते. लिटरचे एक भांडे आणि एक कानस प्रत्येक गॅरेजात असतेच. ती वापरण्याची सवय शागीर्दांना पहिल्या वर्षीच लावावी, एवढीच आमची आग्रहाची विनंती.