आपल्याच संगणकात मुंडकार

पेडणे आणि डिचोली तालुक्यांत ‘मुंडकार’ या शब्दाचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही. ज्या घरात पिढ्यान् पिढ्या चूल पेटली, त्या घराखालची जमीन मात्र भाटकाराची; म्हणून छपराचे नळे बदलायचे तरी त्याच्या मर्जीकडे पाहायचे, ही स्थिती ज्यांनी सोसली त्यांची नातवंडे आज संगणकावर अभ्यास करीत आहेत. १९७५ साली मुंडकारांना संरक्षण देणारा कायदा झाला. मामलेदारांपुढे त्याचे दावे अजून चालूच आहेत, ती गोष्ट वेगळी.

या मुंडकारीचे स्मरण व्हावे असा प्रसंग १४ ऑक्टोबर २०२५ रोजी आला. मायक्रोसॉफ्ट कंपनीने त्या दिवशी ‘विंडोज १०’ या ऑपरेटिंग सिस्टीमची, म्हणजे संगणकाचा सारा कारभार पाहणाऱ्या मूळ प्रणालीची, नित्याची देखभाल थांबविली. घरगुती ग्राहकांसाठी ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत तेवढी ठेवली. पुढची प्रणाली घ्यावी, तर तिला सुरक्षेची विशिष्ट सोय असलेली नवी यंत्रे लागतात. म्हणजे घरातला संगणक धडधाकट असूनही केवळ दूरच्या कचेरीतील निर्णयाने तो कालबाह्य ठरला. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी थांबल्या तेव्हा डिचोलीतील ज्या घरांची घडी विस्कटली, त्यांना नवा संगणक घ्या म्हणून सांगणे सोपे आहे. पैसे कोणी द्यायचे?

या प्रश्नाला एक उत्तर आहे आणि ते नवे नाही. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली. १९९१ साली हेलसिंकीतील लिनस टोरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने ‘लिनक्स’चा गाभा लिहून जगापुढे ठेवला. त्यांतून उभ्या राहिलेल्या प्रणाली कोणीही वापराव्या, तपासाव्या, बदलाव्या आणि शेजाऱ्याला द्याव्या. इंग्रजीतील ‘फ्री’ या शब्दात मुक्त आणि फुकट यांची गल्लत होते. आपल्या भाषेने हे दोन शब्द निराळे ठेवले आहेत, आणि आम्हांला महत्त्वाचा वाटतो तो पहिला.

केरळच्या सरकारी शाळांनी हा मार्ग कधीच धरला. गोव्यातही या शतकाच्या आरंभी काही शाळांत जुन्या संगणकांवर लिनक्स बसविण्याचा उपक्रम झाला होता. तो टिकला नाही, याचे आम्हांला वैषम्य वाटते.

परावलंबनाचा अनुभव आम्ही स्वतः घेतला आहे. युनिकोड येण्यापूर्वीच्या एका फॉन्टमध्ये टंकलेले आमचे कित्येक अग्रलेख आज उघडले की अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हांची रांग दिसते. शब्द आमचे, किल्ली दुसऱ्याची!

अडचणी नाहीत असे आम्ही म्हणत नाही. हिशेबाची काही पॅकेजे, डिजिटल सहीची काही उपकरणे आणि काही प्रिंटर लिनक्सवर कुरकुर करतात; ज्याचा धंदा त्यांवर चालतो त्याने घाई करू नये. पण मुलांचा अभ्यास, पत्रव्यवहार, बँकेचे संकेतस्थळ आणि देवनागरी लेखन एवढीच घरची गरज असेल, तर ‘उबुंटू’, ‘लिनक्स मिंट’ किंवा सी-डॅकची ‘बॉस’ यांपैकी एखादी प्रणाली सहसा पुरेशी ठरते. ‘लिबरऑफिस’ विनामूल्य मिळते. आधी आपल्या फायलींची प्रत काढून ठेवावी आणि नवी प्रणाली पेनड्राइव्हवरून चालवून पाहावी. न जमल्यास पेनड्राइव्ह काढून घेतला की संगणक पूर्ववत.

खरी उणीव आहे ती हात धरून दाखविणाऱ्याची. दोन्ही तालुक्यांतील उच्च माध्यमिक विद्यालयांत संगणकाचे शिक्षक आहेत, प्रयोगशाळा आहेत, आणि रविवारी त्यांना कुलूप असते. महिन्यातून एक रविवार ते उघडावे, लोकांनी आपापले संगणक घेऊन यावे आणि अकरावी-बारावीच्या मुलांनी ते करून द्यावे. शिक्षण खात्याने याला परवानगीचे घोंगडे भिजत ठेवू नये. येत्या चतुर्थीच्या साफसफाईत हे संगणक भंगारवाल्याच्या टेम्पोत चढण्यापूर्वी पहिला रविवार ठरला पाहिजे.