'अगापे'चे सोवळे

प्रवचनांत एक ठरीव वाक्य आम्ही वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत: 'अगापे' म्हणजे ईश्वरी प्रेम, 'फिलिया' निव्वळ मानवी. पुनरुत्थित प्रभूने पेत्राला दोनदा 'अगापाओ' या क्रियापदाने विचारले, पेत्र बिचारा 'फिलेओ'वरच अडला, म्हणून तिसऱ्यांदा प्रभू त्याच्या पायरीवर उतरला म्हणे! ऐकायला गोड, परंतु ग्रीक संहिता याला साक्ष देत नाही. पिता पुत्रावर प्रीती करतो हे सांगताना योहान एकदा 'अगापाओ' (३:३५) वापरतो, एकदा 'फिलेओ' (५:२०). मग पित्याचे प्रेमही उणे म्हणायचे काय? उलट अम्नोनाच्या तामारेविषयीच्या वासनेलाही जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात 'अगापे' हाच शब्द आहे (२ शमुवेल १३:१५).

पेत्र खिन्न झाला तो तिसऱ्यांदा विचारले म्हणून. शुभवर्तमान तसे स्पष्ट सांगते. नकारही तीनच होते, आणि त्या रात्रीही कोळशांचा विस्तव पेटलेला होता. ते सोडून आम्ही क्रियापदे तोलत बसलो! अंथरुणाला खिळलेल्या सासूची सेवा करणाऱ्या एका भगिनीला 'तुमचे प्रेम अजून फिलियाच' असे आम्हीच एकदा सुनावले होते. तिची क्षमा मागणे अद्याप राहिले आहे.